राउटर तापायचा, नेट जायचं

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिल लागला की रोज दुपारी दोन-अडीचला नेट जायचं आणि दिवेलागणीला आपोआप यायचं. केबलवाला दोनदा येऊन वायर बदलून गेला. तो यायचा सकाळी दहाला, तेव्हा सगळं ठणठणीत!

एकदा चिडून राउटर उचलला तर हाताला चटकाच बसला. काचेच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या उरावर बसलेला, वरून आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. शोभेला. खालच्या जाळीत धुळीचा थर, केसांसकट. खोक्यावर छापलं होतं: ० ते ४० अंश. बाहेरच चाळीसच्या आसपास, मग कपाटात काय असेल?

बंद करून कोरड्या ब्रशनं धूळ काढली. पाठीमागे टांगायला भोकं होतीच, त्यांवर राउटर भिंतीला उघड्यावर टांगला. अ‍ॅडॉप्टरही गच्च भरलेल्या एक्स्टेंशन बोर्डातून काढून वेगळ्या प्लगला लावला. छोटा पंखा आणणार होतो, गरजच पडली नाही.

मे संपत आला, दुपारी एकदाही नेट गेलं नाही. रुमाल आता मिक्सरवर आहे.