गणितात अडलात? या चुका टाळा

जाताना वेग ताशी 60 किमी, त्याच रस्त्याने परतताना ताशी 40. सरासरी वेग किती? हे गणित घातलं की चुटकीसरशी उत्तर येतं: 50. उत्तरसूचीत असतं 48. मग 50 वर काट बसते, कुठून तरी सूत्र शोधून 48 आणलं जातं आणि गाडी पुढच्या गणिताकडे.

इथेच चुकतं. 50 का चुकलं, हे विचारायचं राहूनच जातं. एका बाजूचं अंतर 120 किमी धरा. जायला 2 तास, यायला 3. म्हणजे 240 किमीला 5 तास. गाडी कमी वेगाने जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी 40 कडे झुकली. एवढं एकदा उमगलं की सूत्र विसरलं तरी अडत नाही.

दुसरा शत्रू खोडरबर. √(क्ष + 6) = क्ष सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष = 3 आणि क्ष = −2 मिळतात. −2 घालून बघितलं तर डावीकडे 2, उजवीकडे −2. मुलं घाबरून सगळंच खोडतात. खरं तर एकही पायरी चुकलेली नसते. वर्ग करताना एक उपरं उत्तर आत शिरलेलं असतं. ते फक्त बाद करायचं. खोडलेल्या कागदावर मात्र ते कुठून आलं, हे शोधायची सोयच उरत नाही.

‘जास्त’ दिसलं की बेरीज, ही सवयही घातक. ‘माझ्याकडे 12 पेन्सिली, तुझ्यापेक्षा 5 जास्त’ यात तुझ्या 17 नाहीत, 7 आहेत.

आणि ‘काहीच कळत नाही’ म्हणू नका. कुठपर्यंत कळलं, ते बोट ठेवून दाखवा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी 1910 मध्येच मांडलं होतं, की चिंतनाची सुरुवातच संभ्रमातून होते. मला तर न गोंधळता 50 लिहिणाऱ्याचीच जास्त काळजी वाटते.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 मध्ये गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यातली शेवटची, मागे वळून बघण्याची, सर्रास गाळली जाते. किंवा त्याच ओळी पुन्हा वाचून मान डोलावली जाते, तो काही पडताळा नव्हे. उलटीकडून या: सरासरी 50 असती, तर 240 किमीला 4 तास 48 मिनिटं लागली असती. लागले तर पुरते 5 तास.