डिप्लोरेबल कधी वापरायचं? रडू येतंय का राग येतोय, आधी ते बघा

आमच्या गल्लीतले एक काका परवा अर्ज घेऊन आले, रस्त्याबद्दलचा. मी बेळगावच्या शहापुरात दहावीच्या पोरांना इंग्लिश शिकवते त्यामुळं असलं काही लिहायचं असलं की सगळे माझ्याकडंच येतात. अर्जात पहिलंच वाक्य होतं, 'द रोड इज व्हेरी डिस्गस्टिंग'. म्हटलं काका, रस्त्यावर घाण साचल्या काय? नाही म्हणे, खड्डे पडलेत, गुडघ्याएवढे. मग डिस्गस्टिंग नको, डिप्लोरेबल पाहिजे. तर म्हणतात, "दोन्ही एकच की गं, वाईट म्हणजे वाईट."

एकच नाही. आणि हा घोळ माझ्या वर्गात दरवर्षी होतो म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी उच्चार. डिप्लोरेबल म्हणताना जोर 'प्लॉ' वर येतो, पोरं 'रेबल' वर जोर देतात ते चुकतं, आणि शेवट नुसता 'रबल' असा पटकन निघून जातो. स्पेलिंग डी-ई-पी-एल-ओ-आर-ए-बी-एल-ई. शब्द लॅटिनमधून आलाय, तिथं 'प्लोरारे' म्हणजे मोठ्यानं रडणं. म्हणजे मुळात अर्थ झाला, रडावं अशी गोष्ट. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कारण या शब्दाचे दोन उपयोग आहेत आणि दोन्हीला मराठीत वेगवेगळे शब्द लागतात. एक, एखाद्या गोष्टीची हालत बघून जीव हळहळतो तेव्हा. रस्त्याची दुरवस्था, शाळेच्या इमारतीची दुर्दशा, असं आपण पेपरात वाचतो ना, ते डिप्लोरेबल कंडिशन किंवा डिप्लोरेबल स्टेट. इथं जवळचे शब्द म्हणजे रेचेड आणि लॅमेंटेबल, त्यातलं लॅमेंटेबल जरा पुस्तकी वाटतं. दुसरा उपयोग वागण्यासाठी, कुणीतरी म्हाताऱ्या माणसाला बसमधून ढकललं, आजारी माणसाला फसवलं, तेव्हा डिप्लोरेबल बिहेवियर, डिप्लोरेबल अॅक्ट. मराठीत निंदनीय, लांच्छनास्पद, घरात बोलताना 'हे काय वागणं झालं?' इथं बाकीचे शब्द डिस्ग्रेसफुल, शेमफुल, डिस्पिकेबल, रिप्रिहेन्सिबल.

आता या सगळ्यांत फरक कसा ओळखायचा? मी पोरांना अंगावरून शिकवते आणि ते खरंच लक्षात राहतं. डिप्लोरेबल डोळ्यातलं पाणी. डिस्गस्टिंग तोंडाचं आणि पोटाचं, कारण त्यात 'गस्ट' आहे तो लॅटिनमधल्या चवीच्या शब्दावरून आलाय, म्हणून नासलेली आमटी डिस्गस्टिंग होते, डिप्लोरेबल होत नाही (हां, माणसाच्या नीच वागण्यालाही डिस्गस्टिंग म्हणतात, पण तेव्हा ओकारी आल्यासारखं वाटलं पाहिजे). डिस्पिकेबल म्हणजे नजर खाली करून एखाद्याकडं तुच्छतेनं बघणं, त्याचं मूळ तेच आहे. अपॉलिंग म्हणजे चेहरा पांढरा पडणं, ऐकूनच धक्का बसतो असं काहीतरी. अट्रोशस सगळ्यात जहाल, त्यात क्रूरपणा आहे, पण इंग्लिश लोक रोजच्या बोलण्यात वाईट हवेला किंवा वाईट स्पेलिंगलाही अट्रोशस म्हणून टाकतात, ते तुम्ही परीक्षेत नका करू.

आपल्याकडं एक वेगळीच अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या पोरांना येत नाही. कन्नडात 'असह्य' म्हणजे किळसवाणं, आणि मराठीत असह्य म्हणजे सहन न होणारं. आमची पोरं दोन्ही भाषा रोज बोलतात, बाजारात कन्नड घरात मराठी, त्यामुळं 'असह्य'चं इंग्लिश विचारलं की अर्धी डिस्गस्टिंग लिहितात अर्धी अनबेअरेबल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात! म्हणून मी म्हणते आधी विचारा, कुठल्या भाषेतलं असह्य. 'शोचनीय' मात्र दोन्हीकडं सारखंच चालतं, आणि पहिल्या अर्थाच्या डिप्लोरेबलला ते अगदी फिट्ट बसतं.

व्याकरणाचं फार नाही. व्हेरी डिप्लोरेबल तेवढं टाळा, शब्द आधीच जड आहे, ट्रूली किंवा अटर्ली चालतंय. 'इट इज डिप्लोरेबल दॅट' असं म्हणून पुढं पूर्ण वाक्य जोडता येतं. क्रियापद डिप्लोर, म्हणजे तीव्र खेद व्यक्त करणं, आणि सरकारी निवेदनांत ते कंडेम (निषेध करणं) पेक्षा एक पायरी खाली धरतात.

एक गोष्ट मात्र जपून करा. हा शब्द हालतीला लावा, वागण्याला लावा, माणसांना चिकटवू नका. 2016 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांनी समोरचे उमेदवार ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना 'बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स' मध्ये टाकलं, विशेषणाचं सरळ नामच करून टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी 'निम्मे' म्हटल्याबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागला. समर्थकांनी तर तो शब्द टीशर्टवर छापून अभिमानानं मिरवला. एखाद्याचं काम वाईट म्हटलं तर तो एकवेळ ऐकून घेईल, त्यालाच वाईट म्हटलं की कान बंद.

काकांच्या अर्जात खाली एक ओळ होती, कामाच्या माणसांना डिस्पिकेबल म्हटलेलं. ती मी काढायला लावली. काका तयार नव्हते, राग खरा होता त्यांचा, नातू दोनदा सायकलवरनं पडलाय. पण म्हटलं काका, राग नातवाच्या गुडघ्यावर लिहा. मग वाक्य असं झालं: 'द रोड इज इन अ डिप्लोरेबल कंडिशन, अँड माय ग्रँडसन हॅज फॉलन ट्वाइस.' काकांनी दोनदा वाचलं आणि खाली सही केली, मराठीत.