मशीनिंगचं कोटेशन बघून घाम फुटायच्या आधी ड्रॉइंगमध्ये काय तपासायचं

भोसरीत मी पहिल्यांदा जॉब टाकला तेव्हा काय होतं, तर तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, मधे ६२०२ बेअरिंगचं घर आणि चार होल. कोटेशन बघून वाटलं चुकून एक शून्य जास्त पडलंय. फोन केला तर शेठ एवढंच म्हणाले, "साहेब, हे बसणार कशात?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, जुन्या ड्रॉइंगची खालची पट्टी मी तशीच कॉपी मारली होती आणि त्यात सगळ्या मापांना ±०.०१ लिहिलेलं, म्हणजे कुठेच न टेकणाऱ्या बाहेरच्या कडासुद्धा दहा मायक्रॉनमध्ये!

तर पहिलं काम, ड्रॉइंगची प्रिंट काढा, लाल पेन घ्या आणि जी मापं दुसऱ्या पार्टमध्ये बसतात तेवढ्यांनाच गोल करा. माझ्या जॉबमध्ये असं माप एकच निघालं, बेअरिंगचं बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक. ६२०२ बाहेरून ३५ मिमी, त्याला एच७ (होलच्या मापाची ठरलेली प्रमाण मर्यादा) दिलं, म्हणजे ३५.००० ते ३५.०२५. बाकी सगळ्याला आयएसओ २७६८ मीडियम, हे साध्या मापांच्या सूटीचं प्रमाण कोष्टक, त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ चालतं. टाइट टॉलरन्सला (मापात चालणारी सूट कमी ठेवायला) पैसे का लागतात तर शेवटचा कट हलक्या हाताने घ्यावा लागतो, प्रत्येक पीसला बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं साधन) लावावा लागतो आणि जे रिजेक्ट होतील त्यांचा खर्चही आधीच रेटमध्ये धरलेला असतो.

मग जॉब किती वेळा पलटवावा लागणार ते मोजा. मागच्या बाजूला एकच होल असलं तरी ऑपरेटरला जॉब सोडून, उलटा बांधून, परत झिरो, म्हणजे मापाचा सुरुवातीचा बिंदू, घ्यावा लागतो. ते होल वरून आरपार मारता येत असेल तर एक सेटिंग वाचलं.

पॉकेटचे, म्हणजे कोरलेल्या खोलगट खाचेचे, आतले कोपरे हे तर नवशिक्यांचं हमखास चुकायचं ठिकाण. कटर गोल फिरतो, त्यामुळे आतला कोपरा काटकोनी येतच नाही, तसाच हवा असेल तर स्पार्क ईडीएमला (ठिणग्यांनी धातू झिजवून आकार देणाऱ्या मशीनला) जा आणि वेगळे पैसे मोजा. ३० मिमी खोल पॉकेटला २ मिमी रेडियस दिलात तर ४ मिमीचा लांब कटर लागणार, तो थरथरतो, हळू चालवावा लागतो, तुटतोही. तिथेच ६ मिमी रेडियस द्या, १० मिमीचा कटर आरामात वळतो. (५ पण नको, कारण मग कटर कोपऱ्यात अडकून घासतो.) चौकोनी वस्तूच बसवायची असेल तर चारही कोपऱ्यांत ड्रिल मारून जागा करा. टॅपिंग (होलमध्ये आटे पाडणं) डायमीटरच्या दीडपट ते दुप्पट खोल पुरे, आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या होलमध्ये टॅप तुटला की बहुतेक वेळा जॉब भंगारात.

मटेरियलमध्ये नुसतं "स्टील" लिहू नका. एसएस ३०४ कापताना कडक होत जातं आणि टूल खातं, गंजाचा प्रश्न नसेल तर ईएन८ (मध्यम कार्बनचं साधं स्टील) बघा. पितळ लोण्यासारखं कापलं जातं पण किलोचा भाव जड. आणि फिनिश माप ५० असेल तर ५० च्या काळ्या बारमधून (वर काळी खपली असलेला कच्चा बार) ते निघत नाही, जाड बार घ्यावा लागतो, म्हणून चालत असेल तर ४८ करा.

आता नगाचा हिशोब. समजा मशीनचा रेट तासाला ५०० धरला, सेटिंगला दीड तास आणि एका पीसला १२ मिनिटं. एकच पीस केला तर ७५० अधिक १००, झाले ८५०. तेच ५० केले तर सेटिंग पीसमागे १५ रुपये, म्हणजे ११५. मटेरियल वेगळं. त्यामुळे "एकाचे किती" असं विचारायचंच नाही, १, १० आणि ५० चा रेट एकदम मागा, आणि मटेरियल, प्लेटिंग, जीएसटी धरून की सोडून तेही लिहून घ्या.

प्लेटिंग, ॲनोडायझिंगवाल्यांचा बहुतेक मिनिमम चार्ज असतो, दोन पीस टाका नाहीतर वीस. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा कडक थर) करणार असाल तर बोअर मास्क करायला, म्हणजे झाकायला, ड्रॉइंगवरच लिहा. थराने बोअर आत येतं, म्हणजे लहान होतं. माझ्या दुसऱ्या लॉटला हे लिहायचं राहिलं, मग रविवारी घरी सँडपेपर घेऊन बसलो होतो, वीसच्या वीस पीस.