तीनदा बॅलन्सिंग करूनही ९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरत होतं, शेवटी असं सुटलं

ताशी ८० किमीपर्यंत गाडी एकदम स्मूथ, ९० ते १०५ मध्ये स्टेअरिंग थरथरायचं आणि ११० नंतर परत कमी. तीनदा बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), एकदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग पुढची चाकं मागे टाकली तर थरथर सीटखाली आली, म्हणजे दोष चाकातच. दरवेळी मशीन शून्य दाखवायचं, अक्षरशः वैताग आला होता.

साध्या मशीनवर चाक हवेत फिरतं, त्यामुळे फक्त वजनाचा फरक कळतो. टायर एका बाजूला जास्त कडक असेल तर ते लोडखालीच, म्हणजे चाकावर भार असतानाच दिसतं, आणि रिम किंचित वाकडी असेल तर तेही वजनाच्या आकड्यात कळत नाही, म्हणून रोड फोर्स बॅलन्सिंग केलं, ज्यात मोठा रोलर टायरवर दाबून मोजतात.

आधी वीसेक मिनिटं गाडी चालवली, उभ्या गाडीचा टायर खाली चपटा होतो तो सरळ व्हावा म्हणून. हवा बरोबर केली, रिमची हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) बसणारी बाजू वायर ब्रशने घासली. मोजलं तर एका चाकाला १६ किलो, म्हणजे एका फेरीत रोलरवरचा जोर इतका कमीजास्त होत होता! मग हवा काढून, टायर रिमवरून सुटा करून, त्याचा उंच भाग रिमच्या खोलगट भागासमोर येईपर्यंत फिरवला (खडूची खूण आधीच केलेली), परत हवा, परत मोजलं, ५ किलो. त्यानंतरच वजनं लावली. नट चाक अधांतरी असताना समोरासमोर आवळले, शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायचा पाना).

बरीच दुकानं हे टाळतात कारण मशीन महाग आणि एका चाकाला साध्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, शिवाय कधीकधी टायरच खराब निघतो आणि ते गिऱ्हाइकाला सांगणं अवघड. तुम्ही आधी फोनवर विचारा, रोलरवाली मशीन आहे का आणि टायर रिमवर फिरवून देणार का, नुसतं मोजून काही होत नाही.