फुकट देताय? खोट आधी सांगा (जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी)

मागच्या महिन्यात आमच्या ओळखीतलं एक जोडपं कायमचं पुण्याला परत गेलं. निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १७ फोटो टाकले. कपाट, गादी, दोन खुर्च्या, कुंड्या, अर्धी वापरलेली तांदळाची पिशवी, आणि खाली एकच ओळ, "फ्री आहे, उद्या सकाळी ९ च्या आत न्या." कोण नेणार? सकाळी सगळ्यांना ऑफिस, मुलांची किंडरगार्टन. मग ते सगळं कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवून दोघं विमानतळावर गेले, हाउसमाइस्टरने (बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याने) फोटो काढले, ते उचलायचा खर्च घरमालकाने डिपॉझिटमधून कापला आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या भारतीय कुटुंबाला मात्र अजून जिन्यात बोलणी बसतात. १४ वर्षांत मी हे इतक्या वेळा बघितलंय की एकदाचं लिहूनच काढते. अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक, इन्शुरन्स यावर सगळेच लिहितात, घरातलं सामान देण्याघेण्यावर कोणी काही सांगत नाही.

आधी एक डोक्यातली गोष्ट. आपल्याकडे जुनी वस्तू कधी वाया जात नाही कारण प्रत्येकीला गिऱ्हाईक आहे. रद्दीवाला, भंगारवाला, कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. आणि जे उरतं ते कामाच्या मावशींना. म्हणजे फुकट द्यायचं ते आपल्यापेक्षा ज्याचं कमी आहे त्याला, आणि त्याने ते आहे तसं निमूट घ्यायचं, ही सवय आपल्या हाडात असते. इथे तसं नाही. इथे तुमच्या समोरचा डॉक्टर तुमची खुर्ची येऊन घेऊन जाईल आणि त्याला त्यात काडीचीही लाज नसेल. तुम्हीही लाजू नका. मी पहिल्या वर्षी "लोकांचं कशाला उचलायचं" म्हणून ६०० युरोचं नवीन फर्निचर घेतलं आणि दीड वर्षात शहर बदललं, ते सगळं तिथेच सोडावं लागलं.

पण ज्याला देतोय तो बरोबरीचा आहे हे एकदा मान्य केलं की देण्याची पद्धत बदलते. तुटका पाय असलेलं टेबल "चालेल त्यांना" म्हणून पुढे सरकवता येत नाही.

आता वॉशिंग मशीनचं सांगते, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

आम्ही चौथ्या वर्षी मोठ्या घरात गेलो, तिथे नवीन मशीन घेतलं. जुनं चालू होतं. फक्त खाली पुढच्या बाजूला जी छोटी झडप असते, तिच्या आत कचरा अडकायची जाळी असते, तिच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं. थेंब थेंब गळायचं. मी तिथे एक पसरट ट्रे आणि जुना टॉवेल ठेवायचे, धुणं झालं की पिळायचा, वाळत टाकायचा. दोन वर्षं हे करत होते, त्यामुळे ते दुखणं आहे हेच मी विसरून गेले होते. सांगलीहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं, मुलगी सहा महिन्यांची, लॉन्ड्रोमॅटला जाऊन जाऊन दमलेले. मी मोठ्या प्रेमाने मशीन दिलं. नेताना आतलं पाणी काढायला त्याने तेच झाकण उघडलं आणि परत लावलं. झिजलेलं रबर, ते नीट बसलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीन लावून दोघं बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेले. परत आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी दाराशी उभ्या होत्या, पायात भिजलेल्या स्लीपर. त्यांच्या बाथरूमचं छत टिपकत होतं आणि हॉलमधली लाकडी जमीन फुगली होती.

या दोघांचा हाफ्टप्फ्लिष्ट इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) अजून काढायचा होता. "पुढच्या महिन्यात काढू" असं चाललं होतं. एकूण खर्च १९०० युरोच्या वर गेला. तो सगळा आम्ही भरला. ते नको नको म्हणत होते, पण कपाटामागे पडलेला तो टॉवेल मला दिसत होता, दोन वर्षं रोज पिळलेला. पैसे गेले ते गेले, पण ती बाळाची आई नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना माफी मागितल्यासारखं बोलायची, जणू चूक तिचीच. ते मला जास्त लागलं.

"धर्माची गाय आणि दात का नाय" असं आपण म्हणतो. ते घेणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने दात मोजू नयेत म्हणून देणाऱ्याने दात लपवायचे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट घेणारा विचारणार नाही, भिडेपोटी तपासणारही नाही, म्हणून सांगायची सगळी जबाबदारी देणाऱ्यावर. इथला कायदाही काही प्रमाणात हेच म्हणतो. जर्मन नागरी कायद्यात भेट देणाऱ्याला बरीच सूट आहे. कलम ५२१ प्रमाणे तो फक्त मुद्दाम केलेल्या चुकीला आणि घोर निष्काळजीपणाला जबाबदार असतो. पण लगेच पुढे कलम ५२४ आहे: वस्तूतला दोष माहीत असून फसवून लपवला तर त्यातून झालेलं नुकसान देणाऱ्याने भरायचं. "फुकट दिलंय, आता माझा काय संबंध" हे इथे सरसकट चालत नाही. मी लपवलं नव्हतं, विसरले होते, पण खालच्या आजींच्या जमिनीला त्याने काय फरक पडतो?

म्हणून वस्तू द्यायच्या आधी आठवडाभर ती वापरताना तुम्ही काय काय सांभाळून घेता ते बघा. दार उचलून लावावं लागतं, ओव्हनचा मागचा भाग जास्त तापतो, खुर्चीवर डावीकडे टेकून बसायचं नसतं. जे तुमच्या हाताला सवयीचं झालंय तेच नवीन माणसाला नडतं. ते कागदावर लिहा आणि वस्तूला चिकटवा. आणि हो, नवीन आलेल्यांनो, हाफ्टप्फ्लिष्ट पहिल्या आठवड्यात काढा. वर्षाला एखाद्या चांगल्या जेवणाइतका खर्च आहे.

आता बाहेर कुठे द्यायचं. सगळ्यात सोपं क्लाइनअन्त्साइगन, म्हणजे छोट्या जाहिरातींची वेबसाइट, २०२३ पर्यंत त्याच्या नावात ईबे होतं, जुने लोक अजून ईबेच म्हणतात. तिथे 'त्सु फेअरशेंकन' म्हणजे फुकट द्यायचा वेगळा विभाग आहे. चांगली वस्तू टाकली की १० मिनिटांत ३० मेसेज येतात, त्यातले निम्मे "नोख दा?" (अजून आहे का?) एवढेच. तुम्ही घेणारे असाल तर असं लिहू नका. नमस्कार, स्वतःचं नाव, मी गुरुवारी संध्याकाळी ६ ला येऊ शकतो, सोबत एक माणूस आणि गाडी आहे, धन्यवाद. मोडकी जर्मन चालते, पण हे चार तपशील पाहिजेत. देणारे असाल तर पहिला मेसेज आला त्यालाच द्यायचं असं काही नाही, नीट लिहिलेल्याला द्या. पण एकदा हो म्हटलं की नंतर दुसरा कोणी पैसे देतो म्हणाला तरी शब्द फिरवायचा नाही. आपल्या लोकांबद्दलची याबाबतीतली तक्रार मी इथल्या शेजाऱ्यांकडून ऐकली आहे आणि मला मान खाली घालावी लागली आहे. वस्तू गेली की जाहिरात काढा. कोणी लिंक पाठवून कार्डचा नंबर मागितला तर तो चोर आहे, फुकट वस्तूला कार्ड लागत नाही.

खूप जाहिरातींत लिहिलेलं असतं की बदल्यात एक चॉकलेटची वडी आणा. ते गमतीत घेऊ नका, खरंच न्या. एक दीड युरोची वडी, पण ती घेऊन आलेला माणूस वेळेवर येतो असा माझा अनुभव आहे. लिहिलेलं नसलं तरी न्या. आपण कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, तेच.

यायचं ठरवून न येणं हा आपल्या ग्रुपमधला सगळ्यात वाईट प्रकार. "दादा बघतो, उद्या कळवतो" म्हणायचं आणि गायब. समोरच्याने कपाट खोलून, स्क्रू पिशवीत बांधून, तळघरातून वर आणून ठेवलेलं असतं, आणि त्याला घराची किल्ली परत द्यायची तारीख असते. नको असेल तर नको म्हणा, इथे स्पष्ट नाहीचा कोणाला राग येत नाही. तसंच फुकट आहे म्हणून घेऊन दोन आठवड्यांनी तीच वस्तू ४० युरोला विकायला टाकायची नाही. एकाने आमच्या ग्रुपमधून घेतलेला पाळणा असा विकला, तेव्हापासून त्याला कोणी साधी चटईही देत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

फुटपाथवर खोक्यात पुस्तकं, कप ठेवून वर 'त्सु फेअरशेंकन' लिहिलेला कागद दिसतो तुम्हाला सगळीकडे. दिसतं म्हणजे परवानगी आहे असं नाही. बऱ्याच शहरांत हा बेकायदा टाकलेला कचरा धरतात आणि दंड होऊ शकतो, बर्लिनमध्ये तर यावर बराच कडक पवित्रा आहे. पुस्तकांसाठी चौकाचौकांत पुस्तकांची उघडी कपाटं असतात, तिथे ठेवा. सोफा बाहेर ठेवायचा विचारही करू नका, एका पावसात तो कचरा होतो. जिन्यातही काही ठेवू नका, आगीच्या वेळी तीच वाट असते.

मोठं सामान कोणी नेलंच नाही तर शहराकडे श्पेर्म्युलची (मोठा कचरा घरून उचलून नेण्याची) तारीख मागा किंवा स्वतः वेर्टश्टॉफहोफला (पालिकेच्या टाकाऊ सामान गोळा करण्याच्या केंद्राला) न्या. तारीख मिळायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून परतीचं तिकीट काढलं त्याच आठवड्यात अर्ज करा. दुसऱ्याच्या ढिगावर आपलं टाकायचं नाही. त्या ढिगातून उचलणंही बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही, मालक समोर असेल तर विचारून घ्या. म्युनिकला पालिकेचंच 'हाले २' नावाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, बर्लिनला २०२० पासून 'नॉखमाल' आहे, चांगल्या वस्तूंना तिथे दुसरं घर मिळतं. बंद पडलेली इस्त्री, टोस्टर कोणाच्या गळ्यात मारू नका. २५ सेंटिमीटरपर्यंतची छोटी उपकरणं मोठी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं काही विकत न घेताही परत घेतात, आणि जुलै २०२२ पासून ८०० चौरस मीटरच्या वरची, अशी उपकरणं विकणारी सुपरमार्केटही.

काही वस्तू फुकटही द्यायच्या नाहीत. गादी नको. अपघातात सापडलेली लहान मुलांची कार सीट तर अजिबात नको, वरून कितीही चांगली दिसली तरी. कार सीट कोणाकडून घेताना मागचं नारिंगी लेबल वाचा. जुन्या आर ४४ या सुरक्षा नियमातली असेल तर त्यावरचा लांब नंबर ०३ किंवा ०४ ने सुरू व्हायला हवा, ०१ आणि ०२ वाल्या इथे २००८ पासून वापरताच येत नाहीत. राउटर बहुतेक वेळा कंपनीचा असतो, तो परत करायचा असतो, देऊन टाकलात तर बिल तुम्हाला.

आपल्या माणसांना खरं काय हवं असतं ते सांगते: पोळपाट, लाटणं, किसणी, मसाल्याचा डबा, मिक्सर, मोठी पातेली. इथे मिळत नाही किंवा तिप्पट भावाने मिळतं. मिक्सर भारतातला असेल तर सोबत प्लगचा अ‍ॅडॉप्टर द्या, व्होल्टेजचा प्रश्न नाही. उघडी डाळ, पीठ देताना आत किडे नाहीत ना ते चाळून बघा, नवीन बिऱ्हाडात पहिल्याच आठवड्यात डाळीत पोरकिडे निघाले तर फार वाईट वाटतं. आणि कुकर देताना आधी एकदा पाणी घालून स्वतः शिट्टी काढा. रिंग सैल असेल तर तसं लिहा, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व कधी बदलला ते लिहा, आठवत नसेल तर पुण्याहून येणाऱ्या कोणाकडून नवीन मागवा आणि तो बसवूनच कुकर द्या.