सांबऱ्याहून परदेशी: एकाच तिकिटावर जायचं कसं

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही. फ्रँकफर्टला जा की दोह्याला, पहिला टप्पा बेंगळुरू, दिल्ली, हैदराबाद नाहीतर मुंबई. तिथून पुढची कंपनी निवडताना बहुतेक जण भाडं बघतात. आधी बघायला हवं ते वेगळंच: सांबऱ्याहून उचलणारी कंपनी कोणाशी जोडलेली आहे?

जगात विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या आघाड्या आहेत. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००). भारतातली एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सचा प्रवासी दिल्ली-मुंबईत उतरला की पुढे तिच्या विमानात सहज बसतो. इंडिगो मात्र कुठल्याच आघाडीत नाही. ती एकेका परदेशी कंपनीशी स्वतंत्र कोडशेअर करार करते, म्हणजे विमान इंडिगोचं आणि त्यावर नंबर दुसऱ्या कंपनीचाही. कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये असूनही इंडिगोशी तिचा करार आहे, तो असा. आणि हो, सांबऱ्याहून उडणाऱ्या स्टार एअर या छोट्या कंपनीचा स्टार अलायन्सशी काडीचा संबंध नाही. नाव तेवढं सारखं.

छोट्या विमानतळाचं गणित इथेच ठरतं. मोठ्या केंद्रातून परदेशी विमानं ठरावीक वेळेच्या झुंडीने सुटतात, आणि जोडलेली कंपनी आपलं फीडर विमान, म्हणजे छोट्या गावाहून प्रवासी आणून देणारं, त्या झुंडीच्या आधी पोचेल असं बसवायला बघते. कोणाशीच न जोडलेली कंपनी स्थानिक गर्दी बघून वेळ ठरवते. शिवाय छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतल्या मार्गांना अनुदान तीन वर्षांचंच असतं. ते संपल्यावर पुरेसे प्रवासी नसतील तर मार्ग बंद.

शोधायचं असं. परदेशी कंपनीच्याच संकेतस्थळावर सुरुवातीचं ठिकाण म्हणून आयएक्सजी (IXG) हा बेळगावचा कोड टाका. (आयएक्सबी टाकलंत तर बागडोगरा, थेट बंगालात!) भाडं शेवटच्या शहरापर्यंत एकत्र दिसलं, तर करार आहे. मग प्रत्येक टप्प्याखाली विमान प्रत्यक्ष कोण चालवणार हे वाचा. पैसे भरल्यावर तेरा आकडी ई-तिकीट नंबर येतो. सगळे टप्पे त्या एकाच तिकिटात हवेत. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: ०९८ एअर इंडिया, १५७ कतार, २२० लुफ्तान्सा. पीएनआर मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, त्याने घाबरू नका. काही एजंट दोन सुटी तिकिटं काढून एका कागदावर छापून देतात. तिथे खरी फसगत होते.

सांबऱ्याच्या काउंटरवर बॅगेला लागलेला टॅग वाचा. त्यावर शेवटच्या विमानतळाचा कोड हवा, बीएलआर म्हणजे बेंगळुरूचा नको. बीएलआर दिसला तर बॅग बेल्टवर जाण्याआधीच तिकीट दाखवून टॅग बदलून घ्या. बॅगेची मर्यादाही आंतरराष्ट्रीय तिकिटाप्रमाणे मिळते, त्यावर २३ किलो छापलेलं असेल तर सांबऱ्यापासूनच २३. सुट्या तिकिटावर इंडिगोच्या साध्या भाड्याला १५ किलोच. वरच्या आठ किलोंचे, म्हणजे कुंद्याच्या डब्यांचे आणि मसाल्याचे, किलोमागे पैसे मोजावे लागतात.

बेंगळुरूला इंडिगोची देशांतर्गत विमानं टर्मिनल १ ला, आंतरराष्ट्रीय सगळी टर्मिनल २ ला. मध्ये शटल बस. एक तिकीट असेल तर दोन विमानांत किमान किती वेळ हवा हे बुकिंग यंत्रणाच पाळते, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. सुटी तिकिटं असतील तर तुमचं नुकसान तुमचं. बॅग घ्या, टर्मिनल बदला, पुन्हा रांग. बऱ्याच कंपन्यांचा काउंटर उड्डाणाआधी ६० मिनिटांना बंद होतो, काहींचा त्याआधीच. म्हणून सहा तास ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात ढग खाली उतरले की विमानं रखडतात, कधी दुसरीकडे वळतात, तेव्हा सुट्या तिकिटावर आदल्या दिवशीच निघालेलं बरं.

परतीला नियम उलटा. तिकीट एक असलं तरी भारतात पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, बॅग ताब्यात, कस्टम, आणि मग बॅग पुन्हा जमा. ही वेळ लोक हमखास विसरतात.

आघाडीचं, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं गोल्ड कार्ड असेल तर त्याचे लाउंज आणि प्राधान्य सदस्य कंपनीच्या विमानालाच, इंडिगोच्या सांबरा टप्प्याला ते धरू नका. पॉइंट मिळतील की नाही हे भाड्याच्या वर्गावर ठरतं.

विमानांचं वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. सप्टेंबरात नोव्हेंबरचं तिकीट काढलं असेल तर ऑक्टोबर संपताच वेळा पुन्हा तपासा. मधलं अंतर कमी झालेलं दिसलं, तर एकाच तिकिटावर फुकट बदल मागता येतो. आणि सांबऱ्याहून जोड मिळतच नसेल, तर चोर्ला घाटाने गोव्यातलं मोपा किंवा दाबोळी विमानतळ गाठा. कोड मात्र नीट बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी.