नोकरी सुटताना आरोग्य विम्याच्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यातून राजीनामा देऊन बाहेर पडणारा माणूस फंडाचा हिशेब, ग्रॅच्युइटी आणि अनुभवाचे पत्र या तीन गोष्टी आठवणीने मागतो. विम्याची चौकशी मात्र तो घरात कोणी आजारी पडल्यावरच करतो. एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षे काढल्यामुळे मला या बाबतीत एक विचित्र उलटापालट वारंवार दिसली आहे. ज्यांना कंपनीचा मेडिक्लेम असतो ते नोकरी सुटल्यावरही तो चालू आहे असे धरून चालतात, आणि ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता ते आपले कार्ड त्याच दिवशी बाद झाले असे समजून खासगी दवाखान्यात पैसे मोजत बसतात. बहुतेक वेळा वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट असते.

‘पॉलिसी मार्चपर्यंत आहे’ हा समज

गट मेडिक्लेम हा कारखाना आणि विमा कंपनी यांच्यातील करार असतो; कामगार त्यात केवळ सभासद असतो. पॉलिसीवर ३१ मार्च ही तारीख छापलेली असली तरी ती कारखान्यापुरती खरी. बहुतेक पॉलिसींत कामाच्या शेवटच्या दिवशीच कामगाराचे संरक्षण संपते, आणि त्याच्या नावाखाली नोंदलेली पत्नी, मुले आणि आईवडील त्याच दिवशी एकदम बाहेर पडतात. नोटीस पिरियडचे पैसे भरून लवकर सुटणाऱ्याने तर हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण शेवटचा दिवस अलीकडे आला की विम्याचा शेवटही तितकाच अलीकडे येतो.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने महिनाअखेरीस इथली नोकरी सोडली; पुण्यातील नव्या नोकरीवर त्याला पुढच्या महिन्याच्या १६ तारखेला हजर व्हायचे होते. ९ तारखेच्या रात्री पत्नीच्या पोटात असह्य दुखू लागले, पित्ताशयातील खडे निघाले आणि शस्त्रक्रिया ठरली. मोबाइलमध्ये ई-कार्ड दिसत होते, त्यावर तिचा फोटोही होता, परंतु रुग्णालयाच्या विमा खिडकीवरून ‘सभासद सक्रिय नाही’ असे उत्तर आले. जुन्या कारखान्याने काही लबाडी केली नव्हती. नाव वेळेवर वगळले होते, इतकेच. दोन नोकऱ्यांमधला पंधरवडा कोणाच्याच पॉलिसीत नव्हता. असा खंड पडणार असेल तर नव्या ठिकाणी हजर होण्याची तारीख अलीकडे घेता येते का ते विचारावे, आणि नव्या पॉलिसीत नाव कोणत्या तारखेपासून चढणार हे तोंडी न ऐकता मेलवर लिहून घ्यावे. ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ या वाक्यावर कोणताही क्लेम मंजूर होत नाही.

गटातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क वाया घालवणे

विमा नियामकाच्या नियमांनुसार गट पॉलिसीतील सभासदाला, आणि त्यात नोंदलेल्या कुटुंबीयांना, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (एकाच रकमेत सगळे कुटुंब) पॉलिसीत स्थलांतर करण्याचा हक्क आहे. तेथून पुढे ती पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता, म्हणजे हलवता येते. याचा खरा लाभ प्रतीक्षा कालावधीत आहे. नव्याने पॉलिसी घेणाऱ्याला आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागू शकते (२०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती). स्थलांतर करणाऱ्याने गटात काढलेली सलग वर्षे या मुदतीतून वजा होतात. मात्र ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते. गटात तीन लाखांचे संरक्षण होते आणि आता दहा लाखांचे घेतले, तर वाढीव सात लाखांसाठी घड्याळ पहिल्यापासून सुरू होते.

यात दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे सुटल्यानंतर अर्ज करणे. अर्ज संरक्षण चालू असतानाच, शक्यतो महिनाभर आधी द्यावा, आणि त्यासोबत गट पॉलिसीतील सभासदत्वाचा कालावधी दाखवणारे पत्र जोडावे. हे पत्र नोकरीत असताना एका मेलवर मिळते, नंतर त्यासाठी गेटवर खेपा घालाव्या लागतात. दुसरी चूक म्हणजे प्रस्तावात आजार लपवणे. गटात कोणी तब्येत विचारलेली नसते, त्यामुळे इथेही विचारणार नाहीत असे वाटते; परंतु गटातून वैयक्तिक पॉलिसीत येताना विमा कंपनी तब्येतीची छाननी करू शकते आणि लपवलेली शुगर पुढे क्लेमच्या वेळी बाहेर येते. हप्ता ऐकून अनेकजण मागे फिरतात हे मला मान्य आहे. तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा त्याआधी मिळालेल्या दरपत्रकावर निर्णय घेऊ नये.

ईएसआयच्या तारखा न समजणे

सर्वाधिक नुकसान मी येथे पाहिले आहे. ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून असा लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. म्हणजे वर्गणी आणि लाभ यांत तीन महिन्यांचे अंतर आहे, आणि गोंधळाचे मूळ तेच आहे.

समजा एका मोल्डरने (साचेकाम करणाऱ्याने) ऑक्टोबर ते मार्च पूर्ण काम केले आणि १५ मे रोजी नोकरी सोडली. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्याला व कुटुंबाला ३१ डिसेंबरपर्यंत ईएसआय दवाखान्यात उपचार मिळू शकतात. अशा वेळी अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयात न जाता उसने पैसे काढून बाहेर उपचार घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना कोणी सांगितले नाही याचा दोष थोडा आमच्यासारख्या टाइम ऑफिसवाल्यांकडेही जातो.

पगारवाढीचेही तसेच आहे. जूनमध्ये पगार २०,५०० वरून २१,८०० झाला म्हणून त्याच महिन्यात कपात थांबवणे चूक आहे. ती ३० सप्टेंबरपर्यंत वाढीव पगारावर चालू राहिली पाहिजे; २१,८०० वर कामगाराचा वाटा १६४ रुपये होतो. पगार स्लिपवर ही ओळ मध्येच गायब झाली तर लगेच विचारावे, कारण पुढील जानेवारी ते जूनचा लाभ त्यावर अवलंबून असतो. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, हेही काही ठिकाणी सोयीस्करपणे विसरले जाते. कपात झाली पण भरणा झाला का, हे उमंग ॲपवर ईएसआयच्या खात्यात दिसते. नवी नोकरी लागल्यावर जुनाच विमा क्रमांक द्यावा. दुसरा क्रमांक निघाला की दोन ठिकाणच्या वर्गण्या एकत्र मोजल्या जात नाहीत आणि ७८ दिवस कागदावर भरत नाहीत.

किमान ५ वर्षे ईएसआयमध्ये राहून वयोमानानुसार किंवा स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित तरतूद दुसरी नसावी. निवृत्तीचा दाखला घेऊन शाखा कार्यालयात अर्ज करावा आणि दर वर्षीचे नूतनीकरण चुकवू नये.

सीमेवरच्या अडचणी

निपाणी, संकेश्वर भागातून रोज कागलच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्रात होते आणि कुटुंब कर्नाटकात असते. ईएसआयमध्ये कुटुंबासाठी वेगळा, घराजवळचा दवाखाना निवडता येतो. नोंदणीच्या वेळी हा रकाना न भरल्यामुळे आजारी मुलाला घेऊन कोल्हापूर गाठावे लागते. मेडिक्लेम असेल तर बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज या तिन्ही ठिकाणच्या कॅशलेस रुग्णालयांची (जेथे बिल विमा कंपनी थेट भरते) यादी पॉलिसी घेण्यापूर्वीच पाहावी.

नावांचाही घोळ आहे. आधारवर ज्योतीच्या स्पेलिंगमध्ये कन्नड धाटणीचा जास्तीचा ‘एच’, पॉलिसीत मराठी धाटणीचे स्पेलिंग आणि रुग्णालयाच्या कागदावर माहेरचे आडनाव, अशी तीन नावे एकाच बाईची निघतात व कॅशलेस अडकते. हे नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्यावे. सरकारी योजना आहेतच म्हणून वैयक्तिक पॉलिसी टाळणेही धोक्याचे आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असले तरी एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) कुटुंबाला पॅकेज दराच्या ३० टक्केच मदत मिळते, तीही वर्षाला दीड लाखापर्यंत. आणि कारखान्यातून सुटलेल्या बहुतेकांचे रेशनकार्ड एपीएलच असते.

स्थलांतर किंवा क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागावा आणि प्रथम विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते; शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. तक्रारदाराच्या राहत्या पत्त्यावरूनही कार्यक्षेत्र ठरते, म्हणून कागलला नोकरी केलेल्या निपाणीकराला बेंगळुरूच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. तक्रारीला राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि स्थलांतराच्या अर्जाची पोच जोडावी. त्या दोन तारखांमधील अंतरच बहुधा वादाचा विषय असतो.